पत्र्याखालची पाटी: शाळेचं वातावरण पोरांच्या अभ्यासात कुठून शिरतं

गेल्या वर्षी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक दोन तास रंगली. विषय एकच. अनुदानाचे २५ हजार रुपये आले होते, ते कुठे लावायचे? पट ४४, वर्ग चार, शिक्षक दोन, खोल्या दोन. एक खोली स्लॅबची, दुसरी पत्र्याची. कुणी म्हणालं, पत्र्याचं काहीतरी करा. कुणी म्हणालं, पाण्याची टाकी गळते. पण शेजारच्या गावाने शाळेच्या भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवून घेतला होता आणि त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरून गेले होते. शेवटी डबाच ठरला. बाहेरून निळा डबा, खिडक्यांतून हसणारी पोरं. आतून चारही भिंतींवर मुळाक्षरं, पाढे, फळं, प्राणी, सूर्यमाला, महाराष्ट्राचा नकाशा. पश्चिमेची खरी खिडकी होती, तिची झडपं पेंटरने बंद करून घेतली आणि त्यांवरही एक हसरा मुलगा काढला. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, समितीवर ‘शिक्षणप्रेमी’ म्हणून आहे. मीही हात वर केला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची व्हायच्या आधी, दुपारी दीडला मी त्या डब्यात मागे जाऊन बसलो. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. माझ्या पुढ्यातली मुलगी ५२ वजा २७ करत होती. दोनातून सात जात नाहीत, दशकाकडून एक घेतला, बारातून सात गेले पाच. इथवर बरोबर. मग तिने ओढणीने मान पुसली, बाटली उलटी करून पाहिली, ती रिकामी होती. पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं, जाऊन आली, वहीत पाहिलं आणि पाचातून दोन गेले तीन असं म्हणत उत्तर लिहिलं ३५. सरांनी चूक दाखवली. तिने खोडलं, पुन्हा केलं, आणि पुन्हा ३५. मघाशी दशकाकडून एक घेतलाय, म्हणजे तिथे आता पाच नाहीत, चार आहेत, एवढंच तिच्या डोक्यातून निसटत होतं. वजाबाकी तिला येत होती. हातचा धरून ठेवायला जागा नव्हती.

ही ‘जागा’ समजली की शाळेचं वातावरण आणि मुलांचे गुण यांचं नातं बरंचसं समजतं.

आपल्या डोक्यात एक छोटी पाटी असते असं समजा. या क्षणी ज्याचा विचार चाललाय ते सगळं तिच्यावर लिहिलेलं असतं. मानसशास्त्रात तिला कार्यरत स्मृती म्हणतात. पाटी मोठ्या माणसाचीही लहानच असते, चार-पाच गोष्टी मावल्या की भरते. सहा-आठ वर्षांच्या पोराची तर त्याहून लहान. शिवाय मोठ्या माणसाला जे आपोआप जमतं, ते पोराला पाटीवर लिहून करावं लागतं. ‘कमळ’ हा शब्द तुम्ही वाचत नाही, तो तुम्हाला नुसता दिसतो. पहिलीतलं पोर आधी क लिहितं, मग म, मग ळ, तिन्ही जोडतं, आणि तोवर वाक्याची सुरुवात पुसली गेलेली असते.

आता याच पाटीवर वरून कोण कोण लिहितं ते बघा. उकाडा लिहितो. तहान लिहिते. बाहेरचा ट्रॅक्टर लिहितो. लघवी लागलीय पण संडासाला कडी नाही, हे लिहिलं जातं. काल सरांनी कान पिळला होता, हेही. उरलेल्या कोपऱ्यात हातच्याची वजाबाकी. वर्गातलं वातावरण म्हणजे नुसती प्रसन्नता नव्हे. धडा सुरू होण्याआधी पाटी किती भरून गेलेली असते, याचा तो हिशोब आहे.

उन्हाचं आधी बोलू, कारण आपल्याकडे त्याच्याशिवाय कुठलीच गोष्ट सुरू होत नाही. भुसावळ-जळगावचा मे आपल्याला पाठ आहे, पारा ४५ च्या वर. पण मे महिन्यात शाळा नसते. खरा प्रश्न मार्च-एप्रिलचा आणि पाऊस गेल्यावरच्या ऑक्टोबर हीटचा. पत्रा ऊन पितो आणि खाली ओततो. स्लॅब उशिरा तापतो, पत्र्याला दम नसतो. अमेरिकेत सुमारे एक कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे वर्गात एसी नाही तिथे शालेय वर्ष सरासरी एक अंश फॅरनहाइटने जास्त गरम गेलं, तर त्या वर्षीचं शिकणं साधारण एक टक्क्याने घटतं असं त्यात दिसलं. एक अंश फॅरनहाइट म्हणजे आपल्या अर्ध्या अंशापेक्षा थोडं जास्त. ती मुलं आपल्या दहावी-अकरावीच्या वयाची होती आणि तिथला उन्हाळा आपल्यासमोर काहीच नाही. त्यामुळे तो आकडा उचलून इथे चिकटवू नये, पण दिशा तीच आहे.

भारतातला अभ्यास याहून वेगळी गोष्ट सांगतो आणि मला ती जास्त पटते. त्याच वर्षी आलेल्या एका संशोधनात ‘असर’ या ग्रामीण शिक्षण-पाहणीतल्या चाचण्यांचे निकाल आणि तापमानाच्या नोंदी एकत्र पाहिल्या. वर्षात दिवसाची सरासरी २९ अंशांवर गेलेले दिवस वाढले की मुलांचं गणित आणि वाचन दोन्ही घसरतं. पण मुख्य कारण परीक्षेच्या दिवशीचा घाम नव्हता, ते शेत होतं. उन्हाने पीक बुडतं, घरात पैसा कमी येतो, ताटात कमी पडतं, आणि पोराचं शिकणं मागे राहतं. जिथे रोजगार हमी पोचली होती तिथे हा फटका सौम्य झाला होता. कपाशीवर घर चालवणाऱ्या आपल्या गावांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शाळेचं वातावरण शाळेच्या फाटकापाशी संपत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

पत्र्याला दुसरा एक गुण आहे, आवाजाचा. जुलैत जोराची सर आली की पत्र्याखाली शिकवणं बंद. सर ओठ हलवतात, पोरं अंदाज बांधतात. पण पाऊस थांबतो तरी. रोजचा आवाज वेगळा असतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या एका प्राथमिक शाळेला लागून उन्नत रेल्वेमार्ग होता. शाळेच्या एका बाजूच्या वर्गांत दर काही मिनिटांनी गाडीचा खडखडाट, दुसऱ्या बाजूचे वर्ग शांत. शाळा तीच, वस्ती तीच. १९७५ मध्ये दोन संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांचं वाचन तपासलं, तर सहावीपर्यंत गोंगाटाच्या बाजूची मुलं जवळपास वर्षभराने मागे पडलेली. मग रेल्वेने रुळांखाली रबर बसवलं, शाळेने आवाज शोषणारं छत केलं, आणि १९८१ च्या पाहणीत दोन्ही बाजूंमधला फरक दिसेनासा झाला.

मला या गोष्टीतला शेवट महत्त्वाचा वाटतो. मागासलेपण मुलांचं आहे असं वाटत होतं, ते निघालं रुळांचं. भुसावळच्या रुळांशेजारच्या वस्तीतल्या कुणी हे वाचत असेल तर त्यांनी आपल्या शाळेत एक दिवस कान देऊन बसावं.

लहान पोराला आवाज जास्त का बाधतो, हेही सांगतो. अर्धं वाक्य ऐकू आलं तरी उरलेलं तुम्ही भरून काढता, कारण शब्दसाठा मोठा असतो. पोराचा साठा छोटा, त्याला गाळलेली जागा भरता येत नाही. आणि वर्गातली भाषा घरच्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर गाळलेल्या जागाच जास्त. भाषेकडे पुढे येतोच.

आता आमच्या डब्याकडे, म्हणजे रंगाकडे.

‘बोलक्या भिंती’ हा शब्द मी स्वतः वर्षानुवर्षं अहवालात लिहिला. भिंती बोलतात हे खरं, पण सर बोलत असताना त्यांनी गप्प बसायला हवं ना? २०१४ मध्ये अमेरिकेत एका छोट्या प्रयोगात बालवाडीच्या २४ मुलांना सहा धडे शिकवले. काही धडे चित्रांनी भरलेल्या खोलीत, काही जवळजवळ कोऱ्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं, कोऱ्या खोलीत २८ टक्के. धड्यावरच्या प्रश्नांना बरोबर उत्तरं पहिल्या खोलीत ४२ टक्के आली, दुसऱ्या खोलीत ५५ टक्के. मुलं २४ म्हणजे फारच थोडी, त्यामुळे यावरून कुणी भिंतींना चुना फासू नये. पण इंग्लंडमध्ये २७ प्राथमिक शाळांतल्या १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुलं घेऊन केलेला मोठा अभ्यासही, जो २०१५ मध्ये आला, जवळपास तेच म्हणतो: अगदी भकास खोली वाईट, फार भडक आणि गजबजलेलीही वाईट, मधली चांगली. त्याच अभ्यासात वर्षभरातल्या प्रगतीतला जो फरक मुलामुलांत दिसला, त्यातला १६ टक्के खोलीच्या रचनेशी जोडता आला. आणि त्यातला निम्मा वाटा कशाचा? उजेड, हवा आणि तापमान यांचा. रंगाचा वाटा होता, पण मागून.

म्हणजे आम्ही २५ हजारांत मुलांच्या पाटीवर सूर्यमाला काढून ठेवली आणि हवेची खिडकी बंद करून घेतली. बंद खोलीत तीसेक पोरं तासभर बसली की श्वासाने हवा जड होते, जांभया सुरू होतात. आपण म्हणतो, ‘खिचडी खाल्ली म्हणून झोप येते.’ खिचडीला उगीच दोष.

खिचडीचं खरं तर नाव घ्यावं तेवढं थोडं. शाळेत दुपारचं जेवण शिजवून द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये दिला. प्राथमिकच्या पोरामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं असं आजचं माप आहे. या योजनेने पट वाढला हे सगळ्यांनी पाहिलं. गुण वाढले का? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशभरच्या ग्रामीण मुलांचे निकाल पाहिले. प्राथमिकची पाचेक वर्षं जेवण मिळालेल्या मुलांचं वाचन, वर्षभराहून कमी काळ मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के चांगलं निघालं, गणित ९ टक्के. महत्त्वाची गोष्ट ‘पाचेक वर्षं’ ही. दोन महिन्यांत काही दिसत नाही. आमच्या समितीत एक आजोबा दर बैठकीत विचारतात, ‘खिचडी खाऊन कोण कलेक्टर झालं?’ त्यांना हे आकडे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच विचारलं.

पाण्याचं मात्र आपण फारच हलक्यात घेतो. इंग्लंडमध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांना चाचणीआधी नुसतं पाणी प्यायला दिलं, तर लक्षपूर्वक बघून करायच्या कामांत ती पाणी न प्यालेल्यांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे मुली शाळेत पाणी पीत नाहीत. माझ्या नोकरीत मी हे हजार वेळा पाहिलं आणि फार उशिरा समजलो. पाणी प्यालं की जावं लागतं, आणि जायची जागा धड नसते. दार आहे तर कडी नाही, कडी आहे तर पाणी नाही. मुलगी सकाळपासून कोरडी बसते आणि दुपारी आपण म्हणतो, हिचं गणितात लक्ष नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, शिक्षकामागे निदान एक खोली, मैदान, स्वयंपाकाची शेड, हे सगळं त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. तपासणीच्या कागदावर ‘संडास आहे/नाही’ असा रकाना असतो. कडीचा रकाना नसतो.

भाषेकडे येतो. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे चूक माझीच आहे.

मी १९८७ साली धुळे जिल्हा परिषदेत लागलो. तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. पहिली नेमणूक सातपुड्यात, धडगावकडे. पोरं पावरी बोलायची, मी पुस्तकातली मराठी. सहा महिने वर्ग इतका शांत की मी शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं, मुलं शिस्तीची आहेत पण अबोल आहेत. मग एकदा मधल्या सुट्टीत मी झाडामागे उभा असताना त्यांना बोलताना ऐकलं. अबोल? कान किटतील इतकी बोलत होती! चौथीतल्या एका मुलीला मी शेजारी बसवून घेतलं. मी सांगायचो, ती पावरीत सांगायची, पोरं तिला विचारायची, ती मला मराठीत सांगायची. त्या वर्षी वर्गाला पहिल्यांदा आवाज फुटला. त्याच डोंगरात नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या. तिथे पोरांची भाषा वर्गात घेऊनच शिकवायला सुरुवात केली गेली. मी जे अंधारात चाचपडून केलं ते त्यांनी ठरवून केलं.

दुसरी गोष्ट साक्री तालुक्यातली, तिथे अहिराणी. पहिलीचा वर्ग. ‘अ’ शिकवण्यासाठी अननसाचं चित्र दाखवलं आणि विचारलं, हे काय? सगळे गप्प. एक पोरगा उभा राहिला, म्हणाला, ‘केकताड.’ वर्ग हसला, मीही हसलो. मग मी विचारलं, बरं, पहिलं अक्षर कोणतं? तो म्हणाला, ‘क.’ मी म्हणालो, चूक, बस खाली.

रात्री जेवताना डोक्यात उजेड पडला. त्या गावात अननस कुणी पाहिलं होतं? बांधाला केकताड होतं, तसल्याच काटेरी पात्यांचं. त्याने चित्र नीट पाहिलं, ओळखीच्या वस्तूशी ताडून पाहिलं, आणि त्या शब्दाचा पहिला आवाज अचूक वेगळा काढला. वाचन शिकायला लागतं तेवढं सगळं त्याने करून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा उभं केलं तर म्हणाला, ‘माले येस नही.’ एका दिवसात त्याला कळलं होतं की आपल्याला येत नाही.

खान्देशातल्या शाळेत घरची भाषा म्हणजे एक भाषा नव्हेच. धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावल-भुसावळला लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी, भिली, नवापूरकडे मावची, तांड्यांवर गोरमाटी. लेवा गणबोलीत बहिणाबाईंनी ओव्या रचल्या, त्या आपण पाठ्यपुस्तकात अभिमानाने घेतो. तीच बोली वर्गातल्या पोराच्या तोंडून आली की तिला ‘अशुद्ध’ म्हणतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा. वरून पुस्तकं येतील तेव्हा येतील. ‘केकताड? बरं, मग क’ एवढं म्हणायला शासन निर्णय लागत नाही. पोराला नवी लिपी, नवी भाषा आणि नवा विषय तिन्ही एकदम पाटीवर लिहायला लावणं, हा त्याच्यावरचा अन्याय आहे आणि निकालावरचाही.

पाटीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत कोण लिहितं? भीती. छडी कायद्याने बंद झाली, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारहाणीला आणि मानसिक छळालाही मनाई करतं. छडी बऱ्याच ठिकाणी खरंच गेली. ‘तुला काय येणार’ मात्र गेलं नाही.

या ‘तुला काय येणार’चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं गेलं की चाचणीत अमुक मुलं यंदा झेप घेणारी निघाली आहेत. खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षअखेर पहिली-दुसरीत त्यांनी इतरांपेक्षा जास्त प्रगती केली. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं, पुढे त्यावर पुष्कळ टीका झाली, आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम बराच लहान निघाला. लहान पोरांवर तो जास्त, हे मात्र माझ्या अनुभवाला धरून आहे.

दुसरा प्रयोग आपल्या देशातला, आणि तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले, जेवढे सोडवाल तेवढे पैसे. निम्मी मुलं तथाकथित वरच्या जातींची, निम्मी दलित. जात न सांगता बसवलं तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी सारखीच. मग सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचली. दलित मुलांची कामगिरी लगेच खाली आली. पोरं तीच, चक्रव्यूह तेच. बदललं ते खोलीतलं वातावरण.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवशी मी वर्गात काय म्हणायचो? ‘एससी-एसटीवाले उभे राहा.’ वर्षानुवर्षं म्हणायचो. काम लवकर उरकायचं म्हणून, मनात काही वाईट नव्हतं. आता वाटतं, त्या तासानंतर घेतलेल्या चाचण्यांचे गुण मी कशाचे गुण म्हणून लिहिले? यादी हजेरीपटात असतेच. अर्ज घरी द्यावा, पालकांना बोलवावं. पाच मिनिटं जास्त लागतात.

एवढं सगळं ऐकून पालक विचारतात, ‘म्हणजे मार्क कमी पडले तर शाळाच जबाबदार?’ तसं नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये सहा लाखांहून अधिक मुलांचा मोठा अहवाल निघाला. तो म्हणाला, गुणांतला फरक शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त ठरतो. ते वाचून अनेकांनी हात झटकले. पण १९८३ मध्ये २९ देशांची तुलना झाली तेव्हा चित्र पालटलं. देश जितका गरीब तितका शाळेच्या आणि शिक्षकाच्या दर्जाचा वाटा मोठा. कारण साधं आहे. ज्या घरात पुस्तक आहे, शिकलेली आई आहे, तिथे शाळा कच्ची असली तरी पोर तरून जातं. दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या घरात पोरासाठी शाळा एवढीच एक जागा असते. ती जागा चांगली की वाईट याने त्याचं सगळंच ठरतं. आणि ते आई-बापाबरोबर गेलं तर तीही जागा सुटते, म्हणून हंगामी वसतिगृह नीट चालवणं हाही वातावरणाचाच भाग.

चांगली शाळा आणि चांगले गुण एकत्र दिसले म्हणून एकामुळे दुसरं झालं, असंही लगेच म्हणू नये. शहरातल्या टुमदार शाळेत पोरं मुळातच खात्यापित्या घरांतून येतात. म्हणून मी वर जमेल तिथे असे अभ्यास निवडले जिथे शाळा किंवा पोरं तीच होती आणि एकच गोष्ट बदलली.

शिक्षकांचंही एक सांगायला हवं. द्विशिक्षकी शाळेत एक सर दोन वर्ग सांभाळतात. पहिलीला शिकवतात तेव्हा दुसरी पाढे लिहिते. एक सर प्रशिक्षणाला, बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामाला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेले की चारही वर्ग एका खोलीत. त्या दिवशी वातावरणाचं व्याख्यान देणाऱ्याने आधी तिथे दोन तास उभं राहून दाखवावं.

पैशाविना काय होतं, हे मी यंदा समितीत मांडलं. सगळ्यात मागच्या कोपऱ्यात, पोराच्या उंचीला, बसकर टाकून बसायचं आणि फळा बघायचा. आम्ही बसलो. सरपंचबाई म्हणाल्या, ‘दाराच्या उजेडाने फळा नुसता चमकतोय, एक अक्षर दिसत नाही.’ तो फळा उत्तरेच्या भिंतीला हलवला, खर्च शून्य. पाण्यासाठी दोन तासिकांनंतर घंटा, केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये केलं तसं. सगळ्यांनी एकदम प्यायचं. मुलींच्या संडासाला कडी, ४० रुपये. जागा आठवड्याला बदलायच्या, म्हणजे ठरावीक पोरं कायमची मागे राहणार नाहीत.

पत्र्यावर काय घालायचं यावर पुन्हा तासभर गेला. एकाने पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, सुचवल्या. आपल्या गोठ्यांवर आपण घालतोच, गारवाही छान येतो. पण शेजारीच खिचडीची चूल. पऱ्हाटीला ठिणगी पुरते, तेव्हा ते नको म्हटलं. शेवटी चुना ठरला. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, एवढंच त्यातलं शास्त्र. डिंक घालून दोन हात दिले, गावातल्याच चार पोरांनी सकाळी सातला चढून दहाला काम संपवलं. पावसात तो धुऊन जाणार, दरवर्षी द्यावा लागणार, हे इतिवृत्तात लिहून ठेवलंय.

राहिली खिडकी. झडपांवर चित्र होतं म्हणून वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. रंगाने फटी चिकटून बसल्या होत्या. पेंटर गावातलाच, तोही बैठकीला आला होता. त्यानेच घरून पटाशी आणली आणि फट मोकळी केली. झडपं उघडली तेव्हा त्या हसऱ्या मुलाचा अर्धा चेहरा डावीकडे गेला, अर्धा उजवीकडे, आणि मधून केळीच्या बागेवरून आलेली हवा आत शिरली. तिसरीतलं एक पोर म्हणालं, ‘सर, त्याचं तोंड फाटलं.’ पेंटर म्हणाला, ‘फाटू दे. शाळा सुटली की मिटवून घे.’